ढोलाची भाषा

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर ढोलताशांचा गजर सुरू झाला, की वाटसरूची पावलेही तालावर पडू लागतात. ढोल कोणालाही डोलवतो. म्हणून तो कोणालाही वाजवता येईल, असे आपल्याला वाटते. हा समज खरा नव्हे.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षणासाठी परदेशी जाईल. तेथील काही विद्यापीठांत पश्चिम आफ्रिकेतील ढोलवादन शिकवतात. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात घाना देशाचे अब्राहम अड्झेन्या यांनी १९६९ पासून चार दशकांहून अधिक काळ ही विद्या शिकवली. "एवढ्या दूर जाऊन ढोल बडवायचा?" असे घरची वडीलधारी माणसे कदाचित विचारतील. माझ्या मते, संधी मिळाल्यास ही विद्या अवश्य शिकावी. कारण ती हातांआधी कानांना वळण लावते.

घानातील एवे लोकांच्या वादनात लोखंडी घंटा एकच ठेका अखंड धरून ठेवते. लहान ढोल आपापले बोल वाजवतात आणि मुख्य ढोल त्या सर्वांना चालवतो. नवशिक्याच्या हाती मुख्य ढोल लगेच येत नाही. शेजाऱ्याचा निराळा ताल ऐकत राहायचे आणि आपला मात्र सोडायचा नाही, ही त्याची पहिली कसोटी.

नायजेरियातील योरुबा लोकांचा ढोल तर खरोखरच बोलतो. त्यांच्या भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. डमरूसारख्या त्या वाद्याच्या दोऱ्या काखेत दाबून वादक तेच चढउतार काढतो. ज्याला भाषा येत नाही, त्याला तो नुसता नाद वाटतो.

मुंबईत जन्मलेले तबलानवाज झाकीर हुसेन हे योरुबा वादक सिकिरू अडेपोजू यांच्यासमवेत १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रणात वाजले. त्यास १९९२ साली ग्रॅमी पुरस्कार लाभला. तबल्याच्या बोलांत वाढलेल्या कलावंताने दुसऱ्याच्या ढोलाचे बोलही आदराने ऐकले.

हाच आदर घरीही हवा. हलगीच्या तालावर आपली गावे पिढ्यान्‌पिढ्या नाचली. परंतु हलगी वाजवणाऱ्याला त्यांनी गावकुसाबाहेरच ठेवले. परदेशातील ढोलाला विद्या म्हणायचे आणि आपल्या हलगीवाल्याला हलके लेखायचे, हा न्याय नव्हे. वाद्याचा मान राखावयाचा असेल, तर प्रथम वाजवणाऱ्याचा मान राखला पाहिजे.