जाहिरात पुरुषाच्या ताकदीची, रक्त कमी बाईचे

संपादक महोदय,

वर्तमानपत्राच्या घडीत घालून येणाऱ्या 'मर्दानी ताकदी'च्या पत्रकांवर आपल्या पानावर आठवडाभर चाललेली पत्रे वाचली. अशा जाहिरातींविरुद्ध कायदा करा, असे बहुतेकांचे म्हणणे. अहो, कायदा १९५४ पासून आहे. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या तिसऱ्या कलमाने लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी पत्रके येतात, भिंती रंगतात. हे थांबायलाच हवे.

पण माझा संताप वेगळाच आहे. इतकी पत्रे छापली, सगळी पुरुषांची, सगळी पुरुषांच्या ताकदीबद्दल. संसारात दुसरेही एक शरीर असते, याची एकालाही आठवण झाली नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ४८ टक्के होता. म्हणजे वाढला! पुरुषांत हेच प्रमाण २१.९ टक्के. नांदत्या वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात पुरेसे रक्त नाही आणि घराघरांत पत्रक कशाचे येते, तर नवऱ्याच्या चूर्णाचे.

मी परिचारिका म्हणून नोकरी केली. जिना चढताना धाप लागते, पाय ओढतात, पाळी आली की अंथरुणातून उठवत नाही, हे बायका सांगतात. त्यापुढचे सांगताना आवाज खाली जातो. रात्री नवऱ्याचा हात नकोसा वाटतो. मग घरात भांडण, टोमणे, 'हिला माझ्याबद्दल काही वाटतच नाही.' वाटायला अंगात त्राण लागते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठवर आले आहे, तिच्या इच्छेचा हिशेब मागण्याआधी तिच्या ताटात काय पडते ते पाहा.

बदलापूर-अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडणारी बाई सगळ्यांचे डबे भरते आणि स्वतः चहा-बिस्किटावर निघते. रात्री सगळ्यांची पाने उठली की कढईला लागलेली भाजी तिच्या वाट्याची. त्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, आणि उपासाला साबुदाणा. जेवणावर लगेच कडक चहा, म्हणजे अन्नातले जे थोडे लोह अंगी लागायचे तेही अडते. उल्हासनगरात शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या बाईची गत याहून बरी नाही.

पुरुषांची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण तिचेही मूळ बहुतेकदा पोटातच सापडते. दोन वेळचा वडापाव, रात्रीची दारू, तंबाखू, वाढलेला घेर, वर्षानुवर्षे न तपासलेली साखर. मधुमेह नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही पोखरतो. लिंगाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असतात, म्हणून ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या आधी येऊन इशारा देते. इटलीत लठ्ठ पुरुषांवर झालेला, २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दोन वर्षे आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश पुरुषांची ही तक्रार मिटली. मधुमेह असलेला माणूस चूर्ण घेत बसला तर साखर तशीच राहते. शिवाय 'जडीबुटी' म्हणून विकलेल्या मालात सिल्डेनाफिल हे ताठरतेवरचे औषध मिसळल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघड केले आहे. छातीत दुखते म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेले तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून बाईच्या सुखाचाही हक्क मांडला, त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. इतक्या वर्षांनी आपल्या पत्रव्यवहारात बाई नाहीच, याची मला लाज वाटते.

बाईचे रक्त वाढवायला टॉनिकचे महागडे डबे नकोत. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका बदलापूरच्या बाजारात शेवळं आणतात, मग टाकळा, कुरडू येतो. नाचणी, अळीव, मटकी, सुकट-जवळा, उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी घरांतली पालक आणि चणाडाळीची साई भाजी, वर लिंबू पिळलेले. हे बाईच्या ताटात आधी आणि पोटभर पडू द्या. आणि रक्त फार खाली गेले असेल तर नुसत्या भाजीवर विसंबू नका, गोळ्या लागतातच. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शौचाला काळे होते, पोट धरते, म्हणून बायका चार दिवसांत सोडून देतात. असे होणारच, घाबरू नका, इतके एक वाक्य गोळ्या देतानाच कोणी सांगितले तर किती फरक पडेल!

उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी स्टेशनांबाहेर तपासणीची टेबले मांडावीत. बायकांचे हिमोग्लोबिन, पुरुषांची साखर आणि रक्तदाब. नवरा-बायको दोघांना एकत्र बोलवावे, म्हणजे घरी कोणी कोणाला दोष देणार नाही.

आणखी एक, यालाच लागून. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, स्टेशनवरच्यात पाऊल ठेववत नाही. म्हणून हजारो बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीला जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, मग संबंधाच्या वेळी वेदना, आणि पुन्हा तेच टोमणे. कर्जत मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनात बायकांसाठी पाणी, कडी आणि दिवा असलेले स्वच्छतागृह पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत उघडे हवे, आणि त्याला कुलूप दिसले तर तक्रार कोणाकडे करायची, ते दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले हवे.

— एक निवृत्त परिचारिका, अंबरनाथ (पूर्व)