भांड्यांवरचं नाव

परवा शनिवारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात सहकाऱ्याचा फोन. "साइट उघडत नाहीये." मी पाहिली तर व्यवस्थित. "तुझं नेट बघ," म्हणालो. पाच मिनिटांनी माझ्याकडेही बंद. मग पुन्हा चालू! सर्व्हर ठणठणीत होते; डीएनएसमधली नोंदच गायब होत होती आणि परत येत होती.

आमची अॅप्लिकेशन्स कुबरनेटिसवर चालतात. लोड बॅलन्सर बदलला की पत्ता बदलतो. पूर्वी कोणीतरी दर वेळी पॅनेलमध्ये जाऊन नोंद हाताने बदलायचं, कधी विसरायचंही. म्हणून एक्स्टर्नल-डीएनएस बसवलं. ते साधारण दर मिनिटाला क्लस्टरमधल्या सर्व्हिस आणि इन्ग्रेस बघतं आणि बाहेरच्या डीएनएसमधल्या नोंदी त्याबरहुकूम करतं.

कुठली नोंद आपली, हे कळावं म्हणून ते सोबत एक टीएक्सटी नोंद करून मालकाचं नाव लिहितं. लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे होऊ नयेत म्हणून आपल्याकडे त्यांवर नाव घालतात ना, तसंच. तुम्ही नाव दिलं नाहीत तर ते 'डिफॉल्ट' धरतं. आम्ही त्याच डोमेनवर टेस्टचं नवं क्लस्टर उभं केलं, नाव न देता. जुन्यालाही दिलं नव्हतं. म्हणजे दोन घरांच्या भांड्यांवर एकच नाव! टेस्ट म्हणतंय, नोंद माझी, पण असं अॅप माझ्याकडे नाही, पुसा. प्रॉडक्शन ती परत करतंय. शिवाय 'असं नाव नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर काही वेळ लक्षात ठेवतात. म्हणून नोंद आली तरी काहींना साइट दिसेना.

ऑफिसात लगेच सूर निघाला, "नकोच ते ऑटोमेशन." मला नाही पटत. हाताने झालेल्या चुका आपण मोजत नाही, एवढंच. माझं मत असं: यंत्राला लिहायचा अधिकार लगेच द्या, पुसायचा विचार करून द्या. आमची पॉलिसी 'सिंक' होती. 'अपसर्ट-ओन्ली' ठेवली तर नोंदी होतात, बदलतात, पण पुसल्या जात नाहीत. शिळ्या नोंदी साचतात, हे खरं, आणि त्या धोक्याच्याही असतात. सोडून दिलेला पत्ता उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. म्हणून महिन्यातून एकदा 'सिंक' लावून ड्राय-रन करावा, यादी डोळ्यांखालून घालावी आणि मग पुसावं.

असो. आता आमच्या प्रत्येक क्लस्टरला स्वतःचं नाव आहे. तुमच्या भांड्यांवर काय लिहिलंय, सोमवारी एकदा बघून घ्या.