डोंगल कुणाच्या खिशात?

औंढा नागनाथ आणि कळमनुरी तालुक्यांतल्या डोंगराळ गावांत, तांड्यांवर, आंध आदिवासींच्या वाड्यांत आम्ही जातो. ग्रामपंचायतीच्या फलकावर सरपंच म्हणून बाईचं नाव असतं. 'सरपंच कुठायत?' म्हणून विचारलं की एक गडी पुढे येऊन म्हणतो, 'बोला, मीच.' बाई खुरपायला गेलेली असते, नाहीतर कुणाच्या तरी हळदीच्या कढईपाशी धुरात उभी असते.

आणि ८ मार्चला तिचाच सत्कार होतो! शाल, नारळ, 'महिला सक्षमीकरण' लिहिलेलं बॅनर. सक्षमीकरण म्हणजे बचत गट, पापड आणि शिलाई मशीन, एवढंच आम्हाला शिकवलं गेलंय. बचत गटाला आमचा विरोध नाही, सावकारापेक्षा तो कधीही बरा. पण कर्ज फेडायला शिकवणं आणि सत्ता हातात देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सत्ता कुठे आहे ते नीट बघा. वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने निघतो. ती सही एका डोंगलमध्ये असते. बाईच्या नावाचं डोंगल नवऱ्याच्या, दिराच्या किंवा पाटलाच्या खिशात, आणि त्याचा पिनही त्यालाच पाठ. पूर्वी अंगठा घ्यायला निदान तिच्या दारात तरी यावं लागायचं, आता तेवढीही गरज उरली नाही.

'बायकांना कळत नाही' म्हणणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे: जिला कळतं, तिला तुम्ही टिकू देता का? जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाला सरकारी जागेवरच्या घरात राहते असं सांगून अपात्र ठरवलं गेलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिलं आणि बाई सरपंच झाली हेच गावाला पचलं नाही, अशा अर्थाची नोंद केली. दिल्लीपर्यंत जायची ऐपत किती जणींची असते?

बाबासाहेबांना हे गाव पुरतं ठाऊक होतं. १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांच्या खास प्रतिनिधित्वाशिवायची पंचायत नाकारली होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांची पार चिरफाड केली. १९९३ ला लागू झालेली ७३ वी घटनादुरुस्ती आणि २०११ पासूनचं महाराष्ट्रातलं महिलांचं ५० टक्के आरक्षण ही कुणाची मेहरबानी नाही. राखीव जागा हा त्या जुन्या मागणीचाच पुढचा टप्पा आहे.

आता आपल्या घरात येऊ. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही, पण 'मीच सरपंच' म्हणणारा गडी दरवेळी प्रस्थापितांचाच असतो असं नाही. कधी त्याच्या गळ्यात निळा गमछा असतो, तोंडात 'जय भीम' असतो. आपल्या जयंती समितीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे पुरुष. बायका पांढऱ्या साड्या नेसून रॅलीत पुढे, हिशेबाच्या बैठकीत मात्र चहापुरत्या. नामांतराच्या लढ्यात मराठवाड्यातल्या आपल्या आया-मावश्या रस्त्यावर उतरल्या, तुरुंगात गेल्या. त्यांच्या लेकींना आपण वर्गणीची पावती पुस्तकंसुद्धा देत नाही! हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं हे भाषणात सांगायचं, आणि बायकोचं डोंगल सोडवत नाही?

कायद्यात हत्यार आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते, सह्या नंतर घरोघर फिरून गोळा करतात. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तो हिशेब महिला सभेत मागता येतो, ठराव लिहून घेता येतो.

पोरांनो, येत्या ग्रामसभेआधी महिला सभेची दवंडी झाली का, एवढं ग्रामसेवकाला विचारा. झाली नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सभेच्या दिवशी घरचा स्वयंपाक तुम्ही करा, लेकरं तुम्ही सांभाळा. आणि तुमच्या घरात महिला सरपंच असेल, तर आज संध्याकाळी डोंगल तिच्या हातात द्या, पिन तिला बदलू द्या. नवा पिन विचारू नका.