कॉक बंदच होता

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री साडेअकराच्या सुमारास आईने हलवून उठवलं. "अरे, पेट्रोलचा वास येतोय बघ."

ओसरीत आलो तर अण्णांच्या बुलेटखाली हातभर फरशी ओली. आणि तिथून चार-पाच फुटांवर, उंबऱ्याशी, दोन पणत्या मजेत तेवत होत्या. त्या कशा विझवल्या ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मागून अण्णांचा आवाज आला, "कॉक बंद आहे. मी बंद केलाय." मी हात लावून पाहिलं. खरंच बंद होता.

गेली कित्येक वर्षं आमच्या घरात या गाडीबद्दलचा हा एकमेव प्रश्न आहे. पेट्रोलचा वास आला, की कॉक बंद केला का? उत्तर "हो" आलं की विषय संपला. त्या रात्री पहिल्यांदा उत्तर "हो" होतं आणि विषय संपला नव्हता.

(बेलापूर म्हटलं की मुंबईकडच्या मित्रांना सीबीडी आठवतं. आमचं हे नगर जिल्ह्यातलं, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं बेलापूर. गंमत म्हणजे 'बेलापूर' नावाचं रेल्वे स्टेशन गावात नाहीच, ते श्रीरामपुरात आहे. असो.)

तर बुलेट. १९८९ची साडेतीनशे. अण्णांनी उसाच्या पैशातून घेतलेली. शाळेत मी याच गाडीच्या टाकीवर बसून गेलोय. आता अण्णा ती आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा चालवतात. मळ्यापर्यंत आणि परत. बाकी वेळ ती ओसरीत उभी असते आणि थोडी थोडी गळत असते. जुनी बुलेट म्हणजे गळणारच, असं आपल्याकडे लोक इतक्या प्रेमाने सांगतात, की ती खोड आहे की दागिना तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर जेवढे लोक फराळाला आले तेवढ्या सगळ्यांनी रोगाचं निदान केलं, आणि ते एकच होतं. इथेनॉल! "आता पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना, रबर खातं ते." चुलतभाऊ म्हणाला, मेव्हणा म्हणाला, दूधवालासुद्धा म्हणाला. गॅरेज दिवाळीत बंद. मिस्त्रींना फोन केला तर तेही म्हणाले, "साहेब, इथेनॉल. काही करू नका, पाडव्यानंतर बघू."

पण त्या दोन पणत्या काही डोळ्यांसमोरून जाईनात. म्हटलं, आपणच उघडू.

टाकी रिकामी केली, गाडी अंगणात ओढली, पोरांना आणि फुलबाज्यांना लांब पिटाळलं. कार्बोरेटरच्या गळतीत पहिली चूक ही होते, की ओलं दिसेल तिथलं पॅकिंग बदललं जातं. पेट्रोल वरून गळतं, खाली ओघळतं आणि तिसरीकडेच थेंब होऊन पडतं. त्यामुळे आधी सगळं पुसून कोरडं केलं, वर पोरीची टाल्कम पावडर भुरभुरवली, टाकीत अर्धा लिटर पेट्रोल घातलं, कॉक उघडला आणि स्टूल टाकून नुसता बघत बसलो. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते ते उगमस्थान. अर्ध्या तासात एक नाही, पाच रेघा सापडल्या. मग पेट्रोल पुन्हा काढलं आणि एकेक खोलायला घेतलं.

पहिली, त्या रात्रीची, कॉकच्या दांडीमागून. आत एक गोल रबरी पॅकिंग असतं, त्याला भोकं असतात, दांडी फिरवली की भोकं जुळतात किंवा झाकली जातात. ते पॅकिंग फुगून वेडंवाकडं झालेलं होतं, आणि कडेने चिरलेलं. इथे इथेनॉलचा हात नक्की आहे. जुनं रबर त्यात फुगतं. मग गाडी महिनाभर उभी राहिली, पॅकिंग वाळलं, की आकसून कडक होतं आणि तडकतं.

दुसरी, खालच्या वाटीच्या कडेने. वाटी काढली तर गॅस्केटवर तपकिरी चिकट लेप. वास घेतल्यावर ओळखू आलं, लाख! कधीतरी कुण्या जुन्या मिस्त्रीने चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावला असणार. पूर्वी ही अगदी योग्य पद्धत होती, कारण पेट्रोलमध्ये लाख विरघळत नाही. पण स्पिरिट म्हणजे इथेनॉलच की! ज्यात विरघळवून ती लावली तेच आता टाकीत येतंय. टाकीच्या भोकाला कपड्याचा साबण चोळायचा तो आपला सनातन उपाय आठवतो? त्याचंही तेच. साबण पेट्रोलला दाद देत नाही, अल्कोहोलला देतो. एका पिढीचं सगळं ज्ञान असं गुपचूप बाद झालं आणि कुणी कुणाला सांगितलं नाही, याचं मला गळतीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

इथपर्यंत ओट्यावरची मंडळी बरोबर होती. पुढचं मात्र त्यांना सांगायची सोय नव्हती.

तिसरी रेघ ओव्हरफ्लोच्या नळीतून. म्हणजे वाटीत पेट्रोल पुरेसं भरलं तरी आत येणं थांबत नाही. फ्लोट काढून कानाशी हलवला, आत पेट्रोलचा आवाज नाही. गरम पाण्यात बुडवून धरला, बुडबुडे नाहीत. फ्लोट निर्दोष. मग नीडल पाहिली. तिच्या निमुळत्या टोकावर बारीक, चकचकीत कडं पडलेलं. नखाला लागत होतं. पस्तीस-छत्तीस वर्षं ती नीडल त्याच बैठकीवर आपटत आली, तिथे खाच पडली आणि आता ती नीट बसत नाही. यात इथेनॉलचा काय संबंध? हे गेली दहा वर्षं तरी होत असणार. आम्ही कॉक बंद करत होतो म्हणून कळलं नाही, एवढंच. आणि न कळण्याचं नुकसान नुसतं थेंबांचं नसतं. असं जादा आलेलं पेट्रोल कधी कधी नळीऐवजी इंजिनात उतरतं आणि ऑइल पातळ करतं. ऑइलची कांडी काढून वास घेतला. पेट्रोल!

चौथी, वाटीच्या ड्रेन स्क्रूमधून. आटे गेलेले. कुणीतरी गळतं म्हणून आवळलं, अजून गळतं म्हणून अजून आवळलं. अॅल्युमिनियमचे आटे, किती सोसणार? मग त्यावर नळकामाची पांढरी टेप गुंडाळलेली. तिचे तुकडे सुटून वाटीच्या तळाशी तरंगत होते. त्यातला एखादा जेटमध्ये बसला असता तर रस्त्यात गाडी बंद.

पाचवी रेघ, पाइपच्या टोकाशी. पिवळा पारदर्शक पाइप, लाकडासारखा कडक झालेला, क्लिपेखाली फाटलेला. तो पाइप दोन वर्षांपूर्वी मी स्वतः आणला होता. मीटरवर मिळणारा, स्वस्त. दुकानदाराने विचारलं होतं, "पेट्रोलसाठी ना? मग काळा घ्या." मी म्हणालो, "यातून पेट्रोल दिसतं, छान वाटतं."

म्हणजे पाचांतल्या दोन इथेनॉलच्या खात्यावर, एक वयाच्या, एक अनोळखी पान्हेबहाद्दराच्या आणि एक माझ्या. हा हिशोब मी मेव्हण्याला सांगितला तर तो म्हणाला, "म्हणजे इथेनॉलच!"

आता अवघड भाग. आमच्या घराला इथेनॉलला शिव्या घालायचा अधिकार आहे का? आमची बुलेट उसाची, माझं शिक्षण उसाचं. १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी या पट्ट्यात फिरलं आणि ऊस आला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन, लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो इथून फार लांब नाही. मळीचा वास हा आमच्या लहानपणचा हिवाळ्याचा वास. साखरेला भाव नसला की कारखाना पैसे लटकवतो, हे आमच्याकडे पोरांनासुद्धा ठाऊक असतं. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात लवकर पैसा येतो आणि मग तो आमच्याकडे येण्याची शक्यता तरी वाढते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं घातली तेव्हा अण्णा दोन दिवस नीट जेवले नव्हते. (आता मक्याचं इथेनॉल पुढे गेलंय, तो भाग वेगळा.) तर त्याच अण्णांच्या गाडीचं पॅकिंग तेच इथेनॉल खातंय. मी हे त्यांना म्हटलं तर म्हणाले, "खाऊ दे, आपलंच आहे."

मला ते इतकं सहज म्हणता येत नाही. पेट्रोलमध्ये ५ टक्के मिसळायला सुरुवात २००३ ची, १० टक्के २०२२ मध्ये झालं. २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पोचलं. २०३०चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. कौतुक आहे. पण नीती आयोगाच्या २०२१च्या ज्या आराखड्यावर हे सगळं चाललं, त्यातच जुन्या गाड्यांसाठी १० टक्केवालं पेट्रोल उपलब्ध ठेवावं असं सुचवलं होतं. ते आमच्या पंपावर काही दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. त्याआधी ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने म्हटलं होतं, की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, पण ते स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होतं.

हे विधान खोटं नाही. माझा सगळा मिळून खर्च हजार रुपयांच्या आत झाला. पण ते ज्या गाडीला डोळ्यांसमोर ठेवून केलंय ती गाडी रोज पळते. अण्णांची गाडी वर्षाला पाचशे किलोमीटर जात नाही. वीस हजार व्हायला चाळीस वर्षं लागतील! उभ्या गाडीचं पॅकिंग किलोमीटर मोजत नाही, महिने मोजतं. आणि गावागावांत उरलेल्या बहुतेक जुन्या गाड्या अशाच उभ्या आहेत, ओसरीत, गोठ्याशेजारी, चुलीपासून दहा पावलांवर.

आणि 'सहज' म्हणाल तर पाडव्यानंतर श्रीरामपुरात मी तीन दुकानं फिरलो. कॉकची पॅकिंग मिळाली, चार प्रकारची, एकाच्याही पाकिटावर आत कुठलं रबर आहे ते छापलेलं नाही. नायट्राइल रबर साध्या पेट्रोलला चांगलं, इथेनॉलपुढे त्यातलं बरंचसं डगमगतं. व्हिटॉन टिकतं, महाग पडतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, काळं आहे." त्यातलं एक बसवलं, दुसऱ्या दिवशी पाझरलं. दुसरं अजून तरी टिकलंय.

माझं म्हणणं म्हणून एवढंच आहे. इथेनॉल राहू द्या, आमचं घर त्यावर चालतं. पण तालुक्याला एका तरी पंपावर १० टक्केवालं एक नोझल ठेवा. पॅकिंगच्या पाकिटावर रबराचं नाव छापायची सक्ती करा. आणि पंपावर टक्केवारी लिहायला जशी जागा असते तशी दोन ओळी मराठीत लिहा, की जुनी गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी आणि वाटी रिकामी करा, लाख आणि साबण आता चालत नाही. एवढ्या शाईने कुणाचं दिवाळं निघणार नाही. ज्या मिस्त्रींनी फोनवर 'इथेनॉल' म्हटलं ते तीस वर्षांचे अनुभवी आहेत, मी लाखेचं सांगितल्यावर ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे मी लावतोय ते सगळं..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

आणि आपलं काय? 'इथेनॉल' हे आता तसंच झालंय जसं आमच्या घरी 'कॉक बंद केला का?' होतं. म्हटलं की उघडून बघायची गरज उरत नाही. ती नीडल नवी बसवली तेव्हा हातात जुनी धरून मी बराच वेळ बसलो होतो. दहा वर्षं ही गळत होती आणि आम्ही सगळे, मी इंजिनिअर धरून, दांडी आडवी करून झोपायला जात होतो.

वाटीची कड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासली, सपाट केली, गॅस्केट कोरडंच बसवलं. ड्रेनला लेथवाल्याकडून एक माप मोठे आटे पाडून घेतले. पाइप काळा. ऑइल बदललं. निघायच्या आदल्या रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, थेंब पडला तर डाग दिसावा म्हणून, आणि अण्णांना सांगितलं, रोज सकाळी बघत जा.

परवा फोनवर विचारलं, "अण्णा, कागद?"

"कोरडाय. महिना झाला, कोरडाच आहे."

"मग आता कॉक उघडा ठेवून बघा एखादी रात्र. नीडल धरतेय का ते कळेल."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"बघू," म्हणाले. "आई झोपली की सांगतो."