टाटाच्या नावाचे नारळपाणी

लालबागच्या माझ्या दवाखान्यात परवा एक पन्नाशीच्या बाई आल्या. स्तनात गाठ. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांना चिठ्ठी देऊन परळच्या टाटा रुग्णालयात पाठवले होते. त्या गेल्याच नाहीत. “टाटाच्याच मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय, गरम नारळपाण्यानं कॅन्सर जातो,” असे म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. भाच्याने काळजीपोटी पाठवलेला मजकूर!

वाचकहो, हा मजकूर जुना आहे. त्यात टाटाचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांचे नाव घुसडले होते. असा सल्ला दिलेलाच नाही, असा जाहीर खुलासा रुग्णालयाने २०१९ मध्ये केला. खुलासा विरला, मजकूर फिरत राहिला. व्हॉट्सॲपवर अशा मजकुरावर दोन बाण दिसतात. म्हणजे तो बऱ्याच हातांतून आलेला. मूळ लिहिणारा कोण, हे भाच्यालाही ठाऊक नसते.

मी बाईंवर रागावलो, ते चुकलेच. सुईच्या तपासणीची भीती वाटते का, हे चिठ्ठी देताना विचारायला मला सवड नव्हती. गाठ आता वाढली आहे. सोमवारी त्या मुलाला घेऊन टाटात जाणार आहेत. तुम्हालाही असे काही आले, तर पुढे पाठवण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. त्याची फी आम्ही घेत नाही.