टेलच्या शेतकऱ्याचे पाणी

इंदापूरच्या पाण्याचा विषय निघाला की एक मांडणी हमखास कानावर येते. पाण्याचा जो जास्त पैसा करील त्यालाच पाणी द्या. ऊस आणि कारखाने वाढले, लोणी देवकरची औद्योगिक वसाहत फुलली की त्यातले शेवटच्या घरापर्यंत पोहोचेलच. समन्यायी वाटप, पर्यावरण, रोजगार हमी ही सगळी फुकटाची सवय लावणारी थेरं आहेत. असे बोलणारे स्वतःला व्यवहारी म्हणवतात. त्यांच्या वहीत जमेची बाजूच तेवढी लिहिलेली आहे.

फुकट कोण खातो ते आधी पाहू. नीरा डावा कालवा 1885 पासून वाहतो आहे आणि तो कुणा बागायतदाराने पदरमोड करून खणलेला नाही. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले ते सरकारी तिजोरीतून. त्याच्या सुमारे 117 टीएमसी पाण्याखाली जुन्या पळसदेवसह भीमाकाठच्या गावांची काळी जमीन गेली. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दरही केंद्र सरकारच ठरवते. एवढा आधार घेऊन उभे राहिलेले पीक स्वकष्टाचे आणि मजुराची हजेरी तेवढी खिरापत, हा कुठला न्याय? 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची चर्चा झाली तेव्हाही लोक आळशी होतील असाच ओरडा होता. भर उन्हात खडी फोडायला येणाऱ्या बाईला आळशी म्हणायला जीभ कशी वळते? 1977 मध्ये कायदा झाला, त्यातून पाझर तलाव आणि रस्ते झाले. 1990 पासून राज्यातली फळबाग लागवडही याच योजनेच्या पैशातून वाढली. आज बागांच्या निर्यातीचे कौतुक करताना त्या हजेरीपटाची आठवण कुणी काढत नाही.

खालपर्यंत आपोआप पोहोचते, हे तर कालव्याच्या काठाने चालत गेले तरी खोटे ठरते. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा सुमारे 200 किलोमीटर येऊन इंदापुरात संपतो. वाटेत पुण्याची तहान, मग वरच्या अंगाचे सायफन आणि मोटारी. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या चारीत गवत माजते आणि आवर्तन कागदावरच संपते. पर्यावरण ही शहरी चैन म्हणणाऱ्यांनी पुण्याचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येते, एवढे तरी लक्षात घ्यावे. त्या पाण्यात जाळे टाकणारा मच्छीमार शहरी नाही.

ऊस बंद करा, असे इथे कुणी म्हणत नाही. बारमाही पिकांना ठिबकची अट घालण्याची तरतूद 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातच आहे, ती वापरा. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, भूमिहीनालाही वाटा आणि त्या पाण्यावर ऊस नाही. ती उपसा सिंचनाची छोटी योजना होती, मोठ्या कालव्यावर ती जशीच्या तशी बसणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण पाणी जमिनीच्या सातबाऱ्याला न बांधता माणसाला बांधता येते, हे तिने करून दाखवले. कालव्यावर निदान एवढे तरी व्हावे: आवर्तन टेलपासून सुरू करावे, प्रत्येक चारीला किती पाणी सुटले ते मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे आणि टेल भिजल्याशिवाय वरच्या उसाला दुसरी पाळी देऊ नये.