दुहेरीचा साधक

१ नोव्हेंबर २०२५ रोजी रोहन बोपण्णाने व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली. त्याच आठवड्यात पॅरिस मास्टर्स स्पर्धेत कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकच्या साथीने खेळताना तो पहिल्याच सामन्यात पराभूत झाला होता. तोच त्याचा अखेरचा सामना ठरला आणि बावीस वर्षांची व्यावसायिक कारकीर्द संपली. दुसऱ्याच दिवशी नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि अवघा देश त्या रास्त आनंदात न्हाऊन निघाला. त्या जल्लोषात एका टेनिसपटूची निवृत्ती विरून गेली, यात दोष कुणाचाच नाही. परंतु दुहेरीच्या खेळाडूच्या वाट्याला सावली नेहमीच अधिक येते, आणि बोपण्णाच्या कारकिर्दीचा विचार करताना हा मुद्दा टाळता येत नाही.

दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांचा खेळ, अशी एक समजूत सुशिक्षितांमध्येही रुजलेली आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. बोपण्णा स्वतः एकेरीत २१३व्या क्रमांकाच्या पुढे कधी गेला नाही. तोही क्रमांक त्याने २००७ मध्ये गाठला. एकेरीत त्या पायरीवरचा खेळाडू प्रवासखर्च, प्रशिक्षक आणि उपचार यांचा मेळ बसवताना मेटाकुटीस येतो. तेव्हा दुहेरीकडे वळण्यात पोटापाण्याचा व्यवहार असतोच. मात्र व्यवहार म्हणून पत्करलेला मार्ग पुढे स्वतंत्र विद्या होऊन बसतो, ही गोष्ट ती समजूत बाळगणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

एकेरीचे मैदान २७ फूट रुंद असते, दुहेरीचे ३६ फूट. दोन्ही बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या खेळात आल्या की साऱ्या खेळाची भूमिती बदलते. मागच्या रेषेवर उभे राहून चेंडू परतवत राहण्याचे एकेरीतले धोरण येथे चालत नाही, कारण समोर जाळीपाशी एक जण टपून बसलेला असतो. सर्व्हिस करणाऱ्याने चेंडू कोठे टाकायचा, हे जाळीजवळच्या जोडीदाराशी आधी ठरलेले असते. तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, आडवा झेपावणार की जागीच थांबणार ते सांगतो. परतीचा फटका त्या माणसाला चुकवून, खाली आणि सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाशी टाकावा लागतो. चेंडू दोघांच्या मधून आला तर तो कोणाचा, हे विचारायला सवड नसते. त्यात २००६ पासून पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावर दुहेरीचे सामने आखूड करण्यात आले. ४०-४० अशी बरोबरी झाली की एकाच गुणावर गेमचा निकाल, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. आठवडाभराची मेहनत दोन-तीन गुणांवर तोलली जाते. मोठ्या ग्रँड स्लॅम स्पर्धांत तिसरा सेट अद्याप टिकून आहे, एवढाच दिलासा.

आणि मोबदला? २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचे आकडे पाहावेत. एकेरीचा विजेता यानिक सिनर याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून ७ लाख ३० हजार, म्हणजे प्रत्येकी ३ लाख ६५ हजार. एकेरीच्या विजेत्याच्या मानाने हा जेमतेम नववा हिस्सा. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही रक्कम मोठीच आहे. परंतु त्या पायरीवर वर्षातून पोहोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हेही विसरता कामा नये.

या तफावतीमागे प्रेक्षकांची पसंती आहे, असे आयोजक सांगतात. त्यात तथ्य असेलही. पण पसंती घडवता येते आणि बिघडवताही येते. २००५ मध्ये पुरुष टेनिसच्या संघटनेने दुहेरीत प्रवेश मिळवण्यासाठी एकेरीच्या खेळाडूंना झुकते माप देण्याचा घाट घातला, तेव्हा अमेरिकेचे ब्रायन बंधू आणि अन्य दुहेरीतज्ज्ञ न्यायालयात गेले. पुढे तडजोड झाली. पुढील काळात याच ब्रायन बंधूंनी १६ ग्रँड स्लॅम विजेतेपदांपर्यंत मजल मारली. वीस वर्षांनी तोच प्रकार निराळ्या वेषात परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएस ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात हलवली, जोड्या अवघ्या १६ ठेवल्या, त्यांतल्या निम्म्या एकेरीच्या क्रमवारीवरून आणि उरलेल्या आयोजकांच्या मर्जीने निवडल्या, आणि विजेत्या जोडीला दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. तारे-तारका एकत्र आल्या, तिकिटे खपली. अंतिम सामन्यात जिंकले ते मात्र इटलीचे सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावासोरी, आदल्या वर्षीचेच विजेते. समोर इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांच्यासारखे एकेरीतले मातब्बर होते. दुहेरी ही स्वतंत्र विद्या आहे याचा याहून रोकडा पुरावा कोणता हवा?

बोपण्णाच्या कारकिर्दीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. कूर्गच्या कॉफीच्या मळ्यांत वाढलेला हा मुलगा. वडील कॉफी बागायतदार. सर्व्हिसला बळ यावे म्हणून लाकडे फोडायची, दम वाढावा म्हणून मळ्यांतून धावायचे, भेगाळलेल्या कोर्टावर सराव करायचा. निवृत्तीच्या निवेदनात त्याने याच दिवसांची आठवण काढली. व्यावसायिक दौऱ्यावर तो २००३ मध्ये उतरला. डेव्हिस चषकात पदार्पण त्याआधी, २००२ मध्ये झाले होते. तेव्हा लिएंडर पेस आणि महेश भूपती हे दोघे भारतीय टेनिसच्या आकाशात तळपत होते. १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत धडकणाऱ्या आणि त्यांतल्या फ्रेंच व विम्बल्डन या दोन जिंकणाऱ्या जोडीच्या मागोमाग येणाऱ्याला कोण विचारतो?

त्याच्या कर्तृत्वाची पहिली ठळक खूण २०१० सालची. पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीसमवेत तो यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि ब्रायन बंधूंविरुद्ध दोन टायब्रेकमध्ये हरला. दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रसंघातील प्रतिनिधी तो सामना पाहायला आले, वाघा सीमेवर सामना खेळवण्याची कल्पना पुढे आली, शांततेच्या आवाहनाबद्दल दोघांना पुरस्कारही मिळाला. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. दोन खेळाडूंची मैत्री निखळ होती आणि त्यांचा खेळ उत्तम होता, एवढे मानायला कोणाची हरकत नसावी. दोन राष्ट्रांमधील प्रश्न सोडवण्याचे ओझे त्या जोडीच्या खांद्यावर टाकण्याची घाई मात्र अनाठायी होती. ते काम टेनिसच्या रॅकेटचे नव्हे.

त्याच सप्टेंबर महिन्यात चेन्नईत जे घडले त्याची चर्चा मानाने कमी झाली. डेव्हिस चषकात ब्राझीलविरुद्ध भारत ०-२ असा मागे होता. तेथून बाजी उलटली, आणि निर्णायक पाचवा सामना, तोही एकेरीचा, बोपण्णाने रिकार्डो मेलोला हरवून जिंकला. दुहेरीतज्ज्ञ म्हणून ज्याची बोळवण झाली होती, त्याने देशाच्या सामन्यात एकेरी जिंकून दाखवली. प्रस्तुत लेखकाच्या मते ही त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची दुपार होती. पुढचे करंडक तिच्यानंतर.

मात्र दोनच वर्षांनी जे झाले त्याकडे डोळेझाक करून कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी टेनिस महासंघाने आधी पेस-भूपती ही जोडी ठरवली. भूपतीने नकार दिला. मग पेससोबत बोपण्णाचे नाव आले. त्यानेही नकार दिला. अखेर दोन जोड्या पाठवण्यात आल्या. भूपती-बोपण्णा एकीकडे, पेस आणि क्रमवारीत खूप खाली असलेला विष्णु वर्धन दुसरीकडे. दोन्ही जोड्या दुसऱ्या फेरीत गारद झाल्या. परतल्यावर भूपती-बोपण्णांवर बंदी आली, तिला न्यायालयाची स्थगिती मिळाली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला बोपण्णाला साकेत मायनेनीसमवेत खेळायचे होते. महासंघाने पेस दिला आणि जोडी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. महासंघाचा कारभार धड नव्हता, हे खरे. चार वर्षे आधी जोडी ठरवून तिला एकत्र खेळवणे, ही साधी दूरदृष्टी त्याला दाखवता आली नाही. परंतु खेळाडूंनाही दोषमुक्त करता येत नाही. उरुग्वे, रुमानिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशोदेशींच्या जोडीदारांशी वर्षानुवर्षे ज्यांचे सूत जुळले, त्यांना आपल्याच देशबांधवाबरोबर एक आठवडा जुळवून घेता येऊ नये? रिओतच सानिया मिर्झासमवेत बोपण्णा मिश्र दुहेरीच्या कांस्यपदकापर्यंत येऊन ठेपला होता. रॅडेक स्टेपानेक आणि लुसी हरादेका या चेक जोडीने तेही हिरावून घेतले. ऑलिम्पिक पदक त्याच्या नावावर नाही, ते नाहीच.

ग्रँड स्लॅम मात्र उशिरा का होईना मिळाले. २०१७ मध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसह फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी. पुरुष दुहेरीसाठी अजून सात वर्षे लागणार होती, आणि त्यांतला मधला काळ खडतर होता. गुडघ्यांतील कूर्चा पार झिजलेली, वेदनाशामक गोळ्यांवर खेळ चाललेला. २०२१ मध्ये सलग पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही. आता थांबतो, असा निरोप त्याने पत्नीला पाठवला होता. थांबला नाही, याचे बरेचसे श्रेय तो स्वतः अय्यंगार योगाला देतो. करोनाच्या काळात त्याने ही साधना हाती घेतली. वाचकांना ठाऊकच आहे की बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातील बेळ्ळूरचे. लहानपणी आजारांनी जर्जर झालेला हा मुलगा १९३७ मध्ये योगशिक्षक म्हणून पुण्यात आला आणि पुण्याचाच झाला. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड आणि खुर्च्या यांच्या आधाराने दुखऱ्या शरीरालाही आसन साधता येईल, अशी रीत त्यांनी घडवली. दुखऱ्या गुडघ्यांच्या टेनिसपटूला ती उपयोगी पडली. आपल्याकडे एक वर्ग योगाला भाबडेपणा ठरवतो, दुसरा त्याला सर्व रोगांवरील रामबाण म्हणवतो. बोपण्णाचा अनुभव दोघांनीही तपासून पाहावा: कूर्चा परत आली नाही, सांध्याभोवतीच्या स्नायूंना बळ आले, भार वाटला गेला, वेदना शमल्या आणि खेळता आले.

पुढचे वर्णन आकड्यांतच करावे लागते. ४३ व्या वर्षी, २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डेनसह इंडियन वेल्सचे विजेतेपद. त्याच वर्षी यूएस ओपनची अंतिम फेरी. २७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नला सिमोने बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी यांना ७-६, ७-५ असे नमवून ऑस्ट्रेलियन ओपन. पुरुष दुहेरीतील त्याचा हा एकसष्टावा ग्रँड स्लॅम प्रयत्न होता. दोनच दिवस आधी पद्मश्री जाहीर झाली होती, आणि दोन दिवसांनी तो दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिला झाला. त्या वयात त्या स्थानी प्रथमच पोहोचलेला दुसरा पुरुष खेळाडू नाही.

महाराष्ट्राशी त्याचे नाते बालेवाडीचे. २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह त्याने टाटा ओपन महाराष्ट्र जिंकली. आणि हांगझोऊच्या आशियाई खेळांत, २०२३ मध्ये, आपल्या ऋतुजा भोसलेला साथीला घेऊन मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले. पहिला सेट २-६ असा गमावल्यावर ऋतुजासारख्या जागतिक क्रमवारीत बरीच मागे असलेल्या खेळाडूला सावरून घेत सामना फिरवणे, हे दुहेरीतल्या जुन्याजाणत्याचेच काम. लंडनला जे दिसले नाही ते येथे दिसले.

ती बालेवाडीची स्पर्धा २०२३ नंतर हाँगकाँगला गेली. १९९७ पासून आधी चेन्नईत आणि मग पुण्यात भरत आलेली, त्या श्रेणीची भारतातील एकमेव स्पर्धा होती ती. तिच्यात आयोजकांच्या विशेष प्रवेशावर कितीतरी भारतीय मुलांना मोठ्या खेळाडूंसमोर उभे राहायला मिळे. चॅलेंजर श्रेणीच्या छोट्या स्पर्धा त्यानंतरही पुण्यात झाल्या, पण चॅलेंजर म्हणजे चॅलेंजर. क्रिकेटच्या एका लिलावात जितका पैसा उधळला जातो, त्याच्या अल्पांशात ही स्पर्धा टिकवता आली असती. तो प्रयत्न राज्यकर्त्यांनी केला नाही आणि उद्योगपतींनीही केला नाही.

बोपण्णानंतर कोण, असे विचारले की युकी भांब्रीचे नाव पुढे येते. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये न्यूझीलंडच्या मायकेल व्हीनससह तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. हा युकी एकेरीत ८३व्या क्रमांकापर्यंत चढलेला खेळाडू. गुडघ्याच्या दुखण्यांनी त्याला दुहेरीकडे ढकलले. म्हणजे पुन्हा तीच वाट. पेस, भूपती, बोपण्णा यांनी तीस वर्षे ती वाट इतकी प्रशस्त करून ठेवली की एकेरीचा चढ चढण्याचे आपण जणू विसरूनच गेलो, अशी टीका होते. तिचा रोख चुकीच्या माणसांवर आहे. दुहेरीच्या खेळाडूंनी आपले काम चोख केले. एकेरीचा खेळाडू घडवायला दहा-बारा वर्षे लागतात, त्या काळात त्याच्या पाठीशी परदेशी स्पर्धांचा खर्च, फिजिओ आणि सराव-जोडीदार उभे करावे लागतात, आणि ते काम महासंघाचे आहे. त्याच महासंघाने २०१२ मध्ये ऑलिम्पिक तोंडावर आलेले असताना जोडी ठरवायला घेतली होती.